तुझ्या नावाने दिलेला झगा

१२ जून

धाकटे,

थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायचा असतो. दिला असं समज आणि पुढे वाच.

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, गोल गोल, कुणालाही न टोचणारं. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग हवेची, मग आईच्या कबरीवर फुलं ठेवतेस ना म्हणून विचारणा, आणि पान संपता संपता, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात: "ताई, माझा लग्नाचा झगा तुझ्याकडेच आहे ना? पोरीचं लग्न ठरलंय, ऑक्टोबरात. आपल्याच चर्चमध्ये, मातेसमोर करायचंय. तिने तोच झगा घालावा अशी माझी फार इच्छा आहे."

गुडघे दुखतात. हवा आहे. फुलं ठेवते. झगाही आहे.

कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, निळ्या कागदात गुंडाळून, म्हणजे पांढरं पिवळं पडत नाही. दरवर्षी एकदा काढून सावलीत झटकते. एक टाका उसवलेला नाही, एक मणी पडलेला नाही. तू लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो पलंगावर फेकून नवऱ्याबरोबर गाडीत बसलीस, तेव्हा काखेत घामाचा डाग होता. तोही काढलाय. घाम तुझा, हात माझे.

"अजून तेच काम करतेस का?" असं तू विचारलंयस. 'तेच' हा शब्द तू चिमट्यात धरून लिहिलेला दिसतो. हो, तेच. आईनंतर मातेची वस्त्रवाली मीच आहे. वेदीच्या मागची ती खोली, ती उंचावरची खिडकी, तो गोल फिरणारा चौथरा, सगळं जागच्या जागी आहे. वस्त्र बदलायच्या दिवशी पुरुषांना बाहेर काढून दार लावते, दांडा ढकलते, आणि माता लोकांकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करते. मग मी तिची वस्त्रं उतरवते. तू पाहिलंयस ते. कोरलेला चेहरा, कोरलेले हात, काचेचे डोळे, आणि गळ्याखाली काही नाही, नुसत्या चार फळ्या, उलट्या टोपलीसारख्या. जुना मूर्तिकार हिशेबी होता. दिसेल तेवढंच कोरायचं, बाकी कापडाने झाकायचं. आपल्या घराण्यात हीच पद्धत पुढे माणसांच्या बाबतीत चालू राहिली.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस. कागदावर रडलीस तर शाई फुटते, म्हणून तू कागदावर जरा शहाण्यासारखी वागतेस.

झग्याचं बघू.

ताई

१ जुलै

धाकटे,

'बघू' या शब्दाचा अर्थ तुमच्या शहरात 'पाठवते' असा होतो हे मला माहीत नव्हतं. काल टपालवाला रिकामी पेटी घेऊन दारात. आत मऊ कागद, वर तुझ्या पोरीची मापं, आणि चिठ्ठी: "नीट घडी घालून पाठव, ताई. कंबरेत थोडा सोडावा लागेल, पण आईने आत भरपूर कापड ठेवलं होतं ना?"

ठेवलं होतं. का ठेवलं होतं, ते तुला आठवतंय का? नसेल. माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या अंगावरचा झगा दिसत नाही.

तर ऐक. आईने तो झगा माझ्या मापाने बेतला होता. माझ्या खांद्याच्या, माझ्या कंबरेच्या. वेदीला नवा वर्ख लावायला तो वर्खवाला आला होता. सोन्याचा पापुद्रा पिसाने उचलायचा आणि श्वास रोखून टेकवायचा, असं काम. मला वाटायचं, इतका हळू हात असलेला माणूस कुणाला दुखावणार नाही. आमचं ठरलं. आईने झगा शिवायला घेतला, मागच्या खोलीत, त्या खिडकीच्या उजेडात, म्हणजे मातेच्या पाठीशी बसून. झगा पुरा झाला तेव्हा वेदी अर्धी झाली होती. "वर्ख संपलाय, घेऊन येतो," म्हणाला. अजून घेऊन येतोय.

वेदीची डावी बाजू सोन्याची आणि उजवी पिवळ्या रंगाची, ती त्यामुळे. आता यात्रेकरूंना फिरवणारा वाटाड्या काय सांगतो माहीत आहे? डावी बाजू म्हणजे स्वर्ग, उजवी म्हणजे हे मर्त्य जग, जुन्या कारागिरांनी केवढा खोल विचार केलाय बघा! लोक माना डोलावतात. माझं मोडलेलं लग्न आता धर्मशास्त्र झालंय.

झगा तीन वर्षं कपाटात. मग तुझं ठरलं. आईने मला विचारलं नाही. तिने फक्त कपाट उघडलं आणि म्हणाली, "चांगलं कापड वाया घालवायचं नसतं." तुला स्टुलावर उभं केलं आणि मला म्हणाली, "टाचण्या धर." मी धरल्या. आईने दोन्ही बाजूंनी झगा आत घेतला, चार चार बोटं, कारण तू काडी होतीस. जे कापड आत गेलं, ती मी. आणि तू वरून म्हणत होतीस, "ताई, टोचतंय."

आता पत्रात लिहितेस 'माझा झगा'. कंबरेत सोडावा लागेल म्हणतेस. सोडला की तो परत कुणाच्या मापाचा होईल, हे तुझ्या ध्यानात आलं का?

एक साधी गोष्ट कर. उलट टपाली एवढंच लिही, की तो झगा ताईचा आहे, आणि ताई, तुझा झगा माझ्या पोरीला देशील का? मी देईन. शपथ. पेटी तयारच आहे.

ताई

२२ जुलै

धाकटे,

तुझं उत्तर आलं. चार पानं. "ती गोष्ट तुला अजून लागते याचं मला फार वाईट वाटलं." "आईने जे केलं ते चांगल्या मनाने केलं." "वस्तू कुणाची यापेक्षा तिच्यामागचं प्रेम महत्त्वाचं." "तू प्रार्थना कर, मन हलकं होईल." चार पानांत मातेचं नाव सहा वेळा आलं आणि मी मागितलेलं वाक्य एकदाही नाही. कोळशासारखं आहे तुझं, धाकटे: कितीही उगाळलं तरी.

पण प्रार्थनेचा सल्ला मी मानला. रविवारी चर्चमध्ये गेले.

मातेच्या जुन्या झग्याची कड पार गेली आहे. लोक मागच्या जिन्याने वर येतात, कड ओठांना लावतात, मी फडक्याने पुसते, पुढचा येतो. इतकी वर्षं इतके ओठ. रेशीम काय, दगडाची पायरी झिजते. फादर प्रवचनात म्हणाले, "मातेला वस्त्र हवंय. कुणाच्या मनात असेल तर पुढे यावं." सगळे आपापल्या प्रार्थनेच्या पुस्तकात बघू लागले.

मी उभी राहिले. गुडघ्यांसकट. म्हणाले, "फादर, माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या लग्नाचा झगा मातेला वाहिलाय. ती दूर असते, म्हणून मी सांगते."

काय सांगू तुला! औषधवालीण हुंदका देऊन रडली. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या दुकानातला रुमाल काढून तिला दिला. फादर वेदीवरून खाली उतरले. सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव. "लेकीच्या लग्नाच्या वर्षी असा झगा वाहणं म्हणजे, बाई, काळीज लागतं!" मी म्हटलं, हो, तिला आहे ते.

सोमवारी मी कात्री घेतली. माणसाचा झगा मातेला तसाच घालता येत नाही, कारण डोक्यावरून घालायला तिला खांदे वर करता येत नाहीत. पाठ मधोमध उभी कापायची, बाह्या सुट्या करायच्या, मग सगळं पुढून गुंडाळून मागे टाचायचं. मानेपासून कडेपर्यंत कापला. आईची शिवण इतकी घट्ट, की कात्री दोनदा अडली. बाजूंना आत घेतलेलं ते चार चार बोटं कापड मी आधी सोडलं. मातेच्या टोपलीला पूर्ण घेर लागतो.

नियम तुला माहीत आहे, आपण तो बोबड्या वयात पाठ केलाय. मातेच्या अंगाला लागलेलं वस्त्र पुन्हा माणसाच्या अंगाला लागत नाही. झिजलं की त्याचे नखाएवढे तुकडे करायचे, कागदाच्या पुड्यांत घालायचे आणि आजाऱ्यांना वाटायचे. म्हणजे तुझ्या पोरीला ताप आला तर तिलाही मिळेल की.

पेटी परत पाठवतेय. आत फादरनी सही केलेलं आभारपत्र आहे, तुझ्या नावाचं, सोनेरी काठाचं. भिंतीवर लाव.

वस्त्र घालायचा दिवस सतरा ऑगस्ट. आलीस तर तुझा मान मोठा असेल. नाही आलीस तर लोकांना मी काय सांगायचं ते सांगेन.

ताई

१८ ऑगस्ट

धाकटे,

गाडीत बसून आत्ता तू पोरीला आणि शेजारच्या प्रवाशांना कालची हकिगत तुझ्या बाजूने सांगत असशील. माझ्या बाजूने काय झालं तेही ऐकून ठेव.

मला वाटलं होतं तू येणार नाहीस. आलीस तर रडशील, किंचाळशील, फादरसमोर खरं काय ते सांगशील, आणि सगळे तुला म्हणतील, अहो बाई, देवाला दिलेलं परत मागता? मी त्या क्षणासाठी माझी चांगली चोळी इस्त्री करून ठेवली होती.

तू आलीस ती हसत. पायऱ्यांवरच लोकांनी तुझे हात धरले. "कसलं मन! कसलं मन!" आणि तू मान झुकवून, डोळे पुसून, "माझं कसलं, सगळं मातेचंच." अगं, मी खोटं बोलले ते एका दमात. तू तेच खोटं अर्धा दिवस अंगावर वागवलंस, आणि ते तुला माझ्या झग्यापेक्षा चांगलं बसलं.

मग मागच्या खोलीत आपण तिघी. तुझी पोर बिचारी पहिल्यांदाच त्या फळ्या बघत होती. मला वाटलं बिचकेल. ती वाकून बघत म्हणाली, "मावशी, हे किती हुशारीने केलंय! एवढीशी लाकडं आणि बाहेरून बाई उभी." मग माझ्या कानाशी: "मावशी, एक सांगू? मला तो झगा नकोच होता. आईचा हट्ट. मी साधा घेतलाय, गुडघ्याखाली. तू वाचवलंस मला." आणि मला घट्ट मिठी. धाकटे, माझा सगळा नेम तिच्या डोक्यावरून गेला आणि फक्त तुला लागला. हे एक बरं झालं. पोर चांगली आहे. तिला तुझ्या पोटी यायला नको होतं.

तू मात्र मातेच्या मागे गेलीस आणि पाठीच्या चिरेवरून बोट फिरवलंस. वरपासून खालपर्यंत.

"सरळ कापलंस, ताई."

"हो. हात थरथरला नाही."

"नाही ना? आईचा थरथरला होता, मला आत घेताना."

एवढंच बोललीस. मला काय करायचं होतं ते वाक्य? आई थरथरली हे मला इतक्या वर्षांनी कशाला सांगायचं? टाचण्या माझ्या हातात होत्या, मी खाली बघत होते, मला दिसलं नाही. आणि थरथरली तरी थांबली नाही ना? मग झालं तर.

वस्त्र देणाऱ्या घरच्या बाईने पहिली टाचणी लावायची, तशी पोरीने लावली. मी बाकीच्या लावल्या. दांडा ढकलला, माता लोकांकडे वळली, बाहेर सगळे गुडघ्यांवर. इथपर्यंत सगळं मी ठरवलं तसं झालं.

मग फादरच्या खोलीत चहा. फादर, औषधवालीण, तू, मी. तू माझ्या कपात साखर घालत होतीस. साखर घालता घालता म्हणालीस, "फादर, ताईचे गुडघे बघवत नाहीत हो. किती वर्षं ते जिने चढायचे? माझी एकच इच्छा आहे, वस्त्र देणारी म्हणून. आता तिला विश्रांती द्या. खूप केलं तिने."

मी तोंड उघडलं तर तू माझा हात धरलास. "ती नाहीच म्हणेल, फादर. स्वतःसाठी कधी काही मागितलंय का तिने?"

फादर म्हणाले, "अगदी बरोबर. आमच्याच लक्षात यायला हवं होतं." आणि औषधवालिणीने तळहात पुढे केला. इतक्या लगेच, की तो टेबलाखाली आधीच उघडून ठेवला असावा. मागच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात होती, आईने घातलेली. मी ती काढली. औषधवालीण म्हणाली, "गुडघ्यांना लावायला मलम पाठवून देते हं, आमच्याकडचं." वर पुन्हा तू टाळी वाजवल्यासारखे हात जोडलेस.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी ऐकून होते. केस इतका मऊ असतो हे माहीत नव्हतं.

चहा फार गोड झाला होता.

ताई

२० सप्टेंबर

धाकटे,

तुझी तीन पत्रं आली. विश्रांती कशी चाललीय म्हणून विचारतेस. छान चाललीय. सकाळी उठते, बसते. बसून कंटाळा आला की उठते.

मलम आलं. खिडकीचं दार कुरकुरत होतं, त्याच्या बिजागरीला लावलं. आता कुरकुरत नाही, म्हणजे गुणकारी आहे.

आज मी चर्चमध्ये पुढच्या दाराने गेले. तुला हसू येईल, पण मोठी झाल्यापासून मी त्या दाराने आत गेल्याचं मला आठवत नाही. मी नेहमी बाजूच्या गल्लीतून, छोट्या दाराने, थेट मागे. रविवारची प्रार्थनाही बाजूच्या बाकावर खांबाआड. सगळी इमारत मला पाठीकडून पाठ: कुठल्या खांबाचा संगमरवर खरा आणि कुठला लाकडावर रंगवलेला (टकटक करून बघ, पोकळ वाजतो), कुठल्या देवदूताला मागून पंखच नाहीत, कुठल्या संताचा हात खिळ्याने बसवलाय.

पुढून आत शिरले आणि दारातच थांबले. मागचा माणूस म्हणाला, "काकू, सरका की." मला सरकता येईना. ते सगळं खोटं, लाकडाचं, पोकळ, खिळ्यांचं, पुढून एकत्र येतं गं. खांब एकामागे एक जवळ जवळ होत जातात आणि नजर आपोआप वेदीकडे ओढली जाते. घुमटात रंगवलेले देवदूत कठड्यावर पाय सोडून बसलेत, आणि कठडाही रंगवलेलाच, तरी माणूस मान खाली घालतो, पाय लागेल म्हणून. आणि ती खिडकी! ज्या खिडकीच्या उजेडात आईने शिवलं, मी कापलं, ती पुढून दिसतच नाही. दिसतो फक्त मातेच्या मागून येणारा उजेड. कुठून येतो ते कळत नाही. मी इतकी वर्षं त्या उजेडात सुईत दोरा ओवला, आणि तो कशासाठी आहे हे मला आज कळलं.

झगाही पाहिला. आईची शिवण, मणी, घेतलेलं, सोडलेलं, तुझं माप, माझं माप, त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. नुसतं पांढरं. इतकं भांडलो आपण, आणि बाकावरून ते नुसतं पांढरं आहे.

हे मी तुला नरम पडून लिहितेय असं समजू नकोस. पुढे वाच.

मी रांगेत उभी राहिले. मागचा जिना, चांदीचे पाय, चांदीचे हात, चांदीची काळजं टांगलेली ती भिंत. ज्याचा जो अवयव बरा झाला त्याने तो चांदीत वाहिला. चांदीची जीभ कुणी वाहिलेली मी आजवर पाहिलेली नाही. आपल्या दोघींपैकी कुणाला संधी मिळेल असंही वाटत नाही.

वर औषधवालीण फडकं घेऊन बसली होती. माझ्या खुर्चीत, माझ्या उशीवर. मला बघून म्हणाली, "अगंबाई, तुम्ही! रांगेत कशाला? सांगायचं ना." आणि तोंडाने हे म्हणत असतानाच हाताने पुढे चला, पुढे चला. मी वाकले. कड ओठांना लावली.

मातेची कड आपण साखळी टाक्याने शिवतो, कारण ती वरचेवर उसवून धुवावी लागते. साखळीचं टोक एकच. ते कुठे दडवलंय, हे शिवणारीला ठाऊक. ते ओढलं की अख्खी कड सरसर सुटते, गाठ नाही, काही नाही. मातेची उंची माझ्यापेक्षा पुष्कळ कमी, म्हणून कडेत हातभर कापड आत दुमडलं होतं.

टोक माझ्या दातांत आलं. आलं म्हणजे मीच शोधलं. मी चालू लागले. औषधवालीण फडक्याने पुसत होती आणि तिच्या हाताखालून धागा निघत होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो संपला. तिथे मी तोंडातून काढून पदरात गुंडाळला.

ताई

७ ऑक्टोबर

धाकटे,

तुला फादरचं, औषधवालिणीचं आणि त्या घंटेवाल्याचंही पत्र आलंच असेल, तेव्हा झालं काय ते मी थोडक्यात लिहिते. तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं असणार.

सुटलेली कड औषधवालिणीला शिवता येईना, म्हणून तिने ती टाचण्यांनी वर धरली. परवा रविवारी झाडपुशीसाठी माता आत वळवली होती. प्रार्थनेच्या वेळी तिला लोकांकडे वळवायला घंटेवाल्याने दांडा ढकलला. टाचण्या सुटल्या, हातभर कापड खाली आलं आणि चौथऱ्याच्या फटीत शिरलं. माता अर्धी वळली आणि थांबली. तोंड ना लोकांकडे, ना मागच्या खोलीकडे. सरळ चांदीच्या पायांच्या भिंतीकडे. भरलेल्या चर्चला मातेचा एक कान आणि अर्धं नाक. घंटेवाल्याने जोर लावला तर झगा खांद्याशी ताणला गेला, म्हणून फादर ओरडले, "थांब!" लहान मुलं हसली. म्हाताऱ्यांनी अर्थ लावले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, की माता कुणावर तरी रुसलीय.

मातेच्या अंगावर असताना वस्त्राला कात्री लावायची नाही, हा नियम. फटीतून ते एक एक धागा सैल करून काढावं लागेल, आणि कापड कुठे कसं दुमडलंय हे ठाऊक असलेलं माणूस एकच आहे. ते घरी विश्रांती घेतंय.

काल सकाळी फादर स्वतः आले. या घरात ते पहिल्यांदाच आले. बसायला खुर्ची पुसून दिली.

"बाई, मोठं मन करा. शनिवारी तुमच्याच भाचीचं लग्न आहे."

"माहीत आहे मला, फादर."

"अशा मातेसमोर लग्न कसं लावायचं? फोटो काढणारा येणार, पाहुणे येणार."

"एक बाजू तर दिसतेय ना?"

त्यांनी खिशात हात घातला. मग किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणजे औषधवालिणीच्या गळ्यातून उतरवून आणली होती. मी ती उचलली नाही.

दुपारी तुझी पोर आली. लग्नाच्या तयारीला आधीच येऊन राहिलीय, तू गुरुवारी निघणार म्हणाली. उंबऱ्यावर बसली, चप्पल काढून. विचारते, "मावशी, माता आडवी असली तर लग्न लागतं का गं?" मला हसू आलं. तीही हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, "आईने काय केलंय तुला? कुणी सांगतच नाही मला." मी म्हटलं, "तुझ्या आईलाच विचार." तर म्हणते, "विचारलं. ती म्हणते, काहीच नाही."

त्या पोरीसाठी मी उठणार होते. खरंच. किल्लीकडे हातही गेला होता. पण तुझं ते 'काहीच नाही' ऐकलं आणि पुन्हा बसले.

तर आता ऐक. फादरना मी माझी अट सांगितली आहे आणि त्यांनी ती कबूल केली आहे, कारण दुसरा इलाज नाही. तू गुरुवारी निघण्याआधी बसायचं आणि पत्र लिहायचं. माझ्या नावाने नको, चर्चच्या नावाने. जुलैतल्या त्या रविवारी मी उभी राहून जिथे तुझं नाव घेतलं, तिथेच फादर ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतील, शुक्रवारी संध्याकाळी. वाचून झालं की मी पुढच्या दाराने आत जाईन, मागे जाईन आणि तासाभरात मातेचं तोंड तुझ्या लेकीकडे करून देईन. कडही शिवून देईन, या वेळी गाठ मारून.

चार पानं नकोत. प्रेम नको, प्रार्थना नको, आईचं चांगलं मन नको. तो झगा कुणाचा होता, एवढं एक वाक्य. तुझ्या त्या गोल गोल अक्षरात मावेल.

जमत नसेल तर राहू दे. मला घाई नाही. शनिवारी लग्न माझं नाही.

ताई